ताशी अंदाजे

आमच्या मोटरहोममध्ये तीन टीव्ही आहेत आणि तिन्ही कुठूनही दिसतात. एक तर न्हाणीघराचं दार उघडं ठेवलं तर अंघोळ करतानाही दिसतो. दिसत नाही तो फक्त स्पीडोमीटर. आणि तो बघायची ज्याला गरज असते तो माणूस त्याच्यापासून अडीच फुटांवर, पट्ट्याने बांधून बसवलेला असतो.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटरहोम म्हणजे अमेरिकन वानप्रस्थाश्रम. वनात जायचं, पण फ्रिज घेऊन. आमची गाडी ३६ फूट लांब आणि साडेबारा फूट उंच. आत स्वयंपाकघर, डबल बेड, कपडे धुवायचं मशीन आणि खोटी लाकडं जाळणारी विजेची शेकोटी. डिझेल इंजिन सगळ्यात मागे, बेडच्या खाली. म्हणजे इंजिनाशेजारी झोपायचं आणि चालवायचं मात्र दुसऱ्या टोकाला बसून. न्यू जर्सीत नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्यासारख्यांना मुलं घरात नसली की अशा गाडीची स्वप्नं पडू लागतात.

मी स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. उभी हयात केमिकल कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये मीटर बसवण्यात गेली. ऑपरेटरला खुर्चीवरून न उठता प्रत्येक काटा दिसला पाहिजे, यावरून मी वरिष्ठांशी भांडलोय. या गाडीने त्या सगळ्याचा सूड घेतला, असं ही म्हणते.

गाडी घेताना डॅशबोर्ड नीट का पाहिला नाहीत, असं आता जो तो विचारतो. अशा माणसाला मी सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला पाठवतो. तिथे दरवर्षी मोटरहोमचं प्रचंड प्रदर्शन भरतं. शेकड्यांनी गाड्या ओळीने उभ्या असतात आणि हजारो माणसं चपला काढून आत चढतात. चढल्यावर माणूस काय करतो? बायको मसाल्याचे कप्पे उघडते. नवरा बेडवर आडवा होऊन छताकडे बघत समाधानाने हुंकारतो. आजोबा कमोडवर बसून गुडघे कुठे टेकतात ते बघतात. सगळे मिळून शेकोटीचं बटण दाबतात आणि ‘वा!’ म्हणतात. ड्रायव्हरच्या सीटवर फक्त एक सहा वर्षांचं पोर बसलेलं असतं. ते स्टीअरिंग गरगरा फिरवत तोंडाने भुर्रर्र करतं आणि त्याला काटा दिसला नाही तरी त्याची काही तक्रार नसते.

आमची गाडी वापरलेली होती, डीलरकडून घेतली. त्याने चक्कर मारायला दिली तो दिवस ढगाळ होता. हे डीलर लोक हवामान खात्याशी संधान बांधून असतात, अशी माझी खात्री आहे.

पहिल्या उन्हाला सगळं उघड झालं. मोटरहोमची पुढची काच म्हणजे एका भिंतीएवढी खिडकी. दृश्य अप्रतिम दिसतं आणि त्या दृश्याबरोबर सूर्यही आत येतो. तो डॅशबोर्डावर पसरतो आणि मीटरवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात तुमचा शर्ट दिसायला लागतो. पांढरा शर्ट असेल तर बटणं मोजता येतात. वेग नाही मोजता येत. शिवाय स्टीअरिंग बसचं, म्हणजे परातीएवढं आणि आडवं. ते खाली केलं तर पोटाला लागतं, वर केलं तर त्याची कड बरोबर ४५ ते ७५ या आकड्यांवर येते. पोलिसांना ज्या भागात रस असतो तेवढाच भाग झाकला जातो. गाडी उभी असताना शून्य मात्र स्वच्छ दिसतो.

त्यात माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून अडीच फुटांवरचं दिसतं. डॅशबोर्ड नेमका त्या पट्टीत राहतो. ती पट्टी काट्यावर आणायची तर हनुवटी वर करून नाकाच्या शेंड्यावरून खाली बघावं लागतं. शेजारून जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला वाटतं, हा म्हातारा आपल्याला तुच्छ लेखतोय. दोघांनी तर भोंगाही वाजवला.

उन्हाचा गॉगल लावला तर? लावला. गॉगल पोलराइज्ड होता. डॅशबोर्डाच्या मधोमध जो छोटा एलसीडी पडदा आहे, ज्यावर गिअर आणि मैल दिसतात, त्याच्यातून येणारा प्रकाशही पोलराइज्डच. दोघांची दिशा आडवी-उभी झाली की पडदा ठार काळा. डोकं एका बाजूला कलतं केलं की आकडे पुन्हा उगवतात. म्हणून मी दर थोड्या वेळाने मान वाकडी करायचो. ही म्हणाली, “काय हो, कानात पाणी गेलंय का?”

पावसाळी हवेत तरी सुटका व्हावी? न्यू जर्सीचा कायदा असा की वायपर चालू तर हेडलाइटही चालू हवेत. आणि या गाडीची समजूत अशी की हेडलाइट लागले म्हणजे रात्र झाली, आता ड्रायव्हरच्या डोळ्यांना त्रास नको, मीटर मंद करूया. भर दुपारी पाऊस आला की गाडी दिवे मालवून निजानीज करते.

बाकीच्या मीटरांचंही तेच. पण त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःचे मार्ग शोधले आहेत. एअर ब्रेकचा दाब ६० पीएसआयच्या खाली गेला की ड्रायव्हरला इशारा मिळालाच पाहिजे असा नियम आहे आणि आमच्या गाडीत तो इशारा कर्कश बझर देतो, त्यामुळे तो मीटर न बघताही घरभर कळतो. डिझेलचा काटा दिसत नाही, पण गाडीतला जनरेटर डिझेल त्याच टाकीतून घेतो आणि टाकी पावावर आली की आपोआप बंद पडतो. तुम्ही जंगलात अडकू नये म्हणून नळीच तेवढ्या उंचीवर बसवलेली असते. जनरेटर बंद म्हणजे छतावरचा एसी बंद, टीव्ही बंद. मागून हिची हाक येते, “अहो, मालिका गेली! डिझेल भरा!” इतकं अचूक इंडिकेटर मी कुठल्या कारखान्यात बसवलेलं नाही.

प्रश्न राहिला वेगाचा. हिने स्वतःहून जबाबदारी घेतली. शेजारच्या सीटवरून ती काट्याकडे बघायची आणि जाहीर करायची, “पन्नास.” मी तिला पॅरालॅक्स समजावून सांगितला. काटा पुढे असतो, आकडे मागे असतात, तू उजवीकडून बघतेस, त्यामुळे तुला काटा खऱ्यापेक्षा मागच्या आकड्यावर दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मोजपट्टी वाचताना डोळा सरळ रेषेत ठेवा म्हणून सर ओरडायचे ते यासाठीच. तुला पन्नास दिसतंय म्हणजे आपण पासष्टवर आहोत. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पन्नास.”

मी घरी आल्यावर कंपनीला फोन केला. कंपनीला म्हणजे कुठल्या, हा पहिला प्रश्न. मोटरहोम एक कंपनी बनवत नाही. चाकं, इंजिन, सांगाडा एकीचा, त्यावरचं घर दुसरीचं आणि मीटरांचा डबा तिसरीने कुठूनतरी पुरवलेला. म्हणजे एका मुलाला तीन आईबाप आणि परीक्षेत नापास झाला की तिघेही ‘तो त्यांच्याकडे गेलाय’ म्हणणार. मी नावं सांगत नाही. तिन्ही ठिकाणची माणसं इतकी गोड बोलतात की नाव घेणं जिवावर येतं.

घर बांधणाऱ्या कंपनीतली मुलगी म्हणाली, “सर, डॅशबोर्ड आमचा, पण त्यातले मीटर सांगाडेवाल्यांचे.”

सांगाडेवाले म्हणाले, “मीटर आमचे. पण ते कुठे आणि किती कलते बसवले, ते घरवाल्यांनी ठरवलं.”

मीटरवाले म्हणाले, “आम्ही ग्राहकांशी बोलत नाही.” आणि हे सांगायला ते माझ्याशी वीस मिनिटं बोलले.

शेवटी मी हट्टाने तिघांना एका फोनवर आणलं. एका मिनिटात तिघांचं एकमत झालं. दोष स्टीअरिंगचा, आणि ते चौथ्या कंपनीचं.

मग ईमेल सुरू झाल्या. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं प्रत्येकीच्या सुरुवातीला. गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन कळवा. तोच पुन्हा कळवा. गाडी तुम्ही सूर्यप्रकाशात चालवता का? मी लिहिलं, होय, ती रस्त्यावर चालवतो आणि रस्त्यांना अजून छप्पर घातलेलं नाही. उत्तर आलं : ‘माहितीबद्दल आभार. आपली नोंद बाह्य वापर या सदरात केली आहे.’

आता मी कायद्यावर उतरलो. अमेरिकेत फेडरल मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०१ आहे. ड्रायव्हरला लागणारे दिवे आणि मीटर त्याला दिसले पाहिजेत, असं त्यात आहे. कधी? तर त्याने सीटबेल्ट लावलेला असेल आणि त्याचे डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असतील तेव्हा. मी पट्टा लावतो. डोळे ६७ वर्षं उजेडाला सरावतायत. तिन्ही कंपन्यांना हे कलम लिहून पाठवलं. उत्तरात त्यांनी नेत्रतज्ज्ञाला भेटायचा सल्ला दिला आणि सीट वरखाली करून बघायला सांगितलं. सीट वर केली तर काटा कडेच्या मागे जातो, खाली केली तर रस्ता डॅशबोर्डाच्या मागे जातो. दोन्हींत काय बघायचं ते ग्राहकाने ठरवावं, असा एकंदर सूर.

एवढ्यात सांगलीहून साडू आणि मेहुणी आले. त्यांना यलोस्टोन दाखवायचं ठरलं होतं. साडूंनी तरुणपणी मिरज रस्त्यावर वडापची जीप चालवली आहे. त्यांना मी माझी फाइल दाखवली. ते पोटभर हसले.

“पाव्हणं, मीटर बघून कोण गाडी हाकतंय? आमच्या जीपला मीटरच्या जागी भोक हुतं, तिथं तंबाखूची पुडी ठेवायचो. इंजान बोलतंय की! कानानं ऐकायचं.”

“पण साडूभाऊ, इंजिन मागे आहे. तीस फूट.”

“मग मी मागं बसतो.”

आणि खरंच ते मागच्या सोफ्यावर पट्टा बांधून बसले, डोळे मिटून. तिथून ते मोबाइलवर फोन करायचे. “गिअर पडला. साठ. आता चढ लागलाय, दम लागतोय बिचारीला. पंचावन्न.” एकाच गाडीत एकमेकांना फोन करणारं आमचं पहिलंच कुटुंब असावं. एकदा त्यांचा आकडा बराच वेळ आला नाही. मी घाबरून विचारलं तर मेहुणी म्हणाली, “ते झोपलेत. पण घोरणं एकसारखं आहे, म्हणजे वेग स्थिर असणार.”

वाटेत इंडियाना लागतं. उत्तर इंडियानातलं एल्कहार्ट स्वतःला या धंद्याची जागतिक राजधानी म्हणवतं आणि त्यात खोटं काही नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोम आणि ट्रेलर त्याच पट्ट्यात बनतात, या धंद्याचं हॉल ऑफ फेमही तिथेच आहे. आमच्या गाडीचं माहेरही त्याच मुलखात. मालकांनी गाडी घेऊन यावं, कारखान्याच्याच आवारात विजेचा प्लग लावून रात्री मुक्काम करावा, सकाळी उजाडायला कामगार येऊन गाडी शेडमध्ये नेतात, अशी तिथली रीत आहे. आपण रात्रीच्या कपड्यांत, हातात दात घासायचा ब्रश, आणि आपलं घर आपल्याला न विचारता निघून जातं.

प्रतीक्षागृहात तर संमेलनच भरलं होतं. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल किंवा कुत्रा. एकाची पायरी आत जात नव्हती, एकीचं छत गळत होतं. टेक्सासच्या एका गृहस्थांनी माझी तक्रार ऐकली आणि खिशातून रंगीत चिकटपट्टी काढली. ते म्हणाले, “मी ६५ वर लाल पट्टी चिकटवली आहे.” मी विचारलं, “ती दिसते?” ते म्हणाले, “नाही. पण आहे, हे समाधान असतं.”

मेकॅनिक साडेसहा फूट उंचीचा, अत्यंत सज्जन. गाडी त्याने शेडमध्ये, छपराखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात तपासली. तिथे सगळे मीटर लख्ख उजळलेले. त्याने कागदावर लिहिलं : ‘दोष आढळला नाही.’

मी म्हटलं, “एकदा बाहेर उन्हात बघता का?”

“बाहेर बघायचं म्हणजे वेगळा वर्क ऑर्डर.”

वेगळा वर्क ऑर्डर निघाला. गाडी बाहेर आली. ढग आले. तो सीटवर बसला आणि म्हणाला, “मला तर सगळं दिसतंय.” त्याचं डोकं छताला लागलं होतं. मी माझी पाच फूट चार इंच उंची सांगितल्यावर त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने मला कंपनीची एक टोपी भेट दिली. ती मी मीटरच्या वर अडकवून बघितली. टोपीच्या पुढच्या झापेची सावली पडली आणि इंधनाचा काटा क्षणभर खरोखर दिसला! इतक्या पत्रव्यवहारानंतर निर्मात्याकडून मिळालेला हा एकमेव उपाय. पुढच्या वळणावर टोपी पडली आणि ब्रेकखाली गेली, तेव्हा हिने ती जप्त केली.

उपायांचं म्हणाल तर मी काही कमी केले नव्हते. डॅशबोर्डावर ठेवायचं एक यंत्र मागवलं होतं. ते उपग्रहावरून वेग मोजतं आणि आकडा पुढच्या काचेवर पाडतं. मोटारीची काच तिरपी असते म्हणून तो आकडा डोळ्यांपर्यंत येतो. आमची काच जवळजवळ उभी. आकडा चपटा होऊन पार तळाशी, वायपरच्या मुळाशी पडायचा. तो वाचायचा तर गुडघे टेकावे लागतील. ६५ आणि ८८ मध्ये फरक कळत नव्हता, पण काहीतरी हिरवं चमकतंय याने मेहुणीला प्रसन्न वाटायचं.

मग हिने डोकं चालवलं. चकाकी उन्हाची, तर डॅशबोर्डच काळा करू. शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक. काळं कापड उजेड शोषून घेतं, बाजारात त्यासाठी आच्छादनंही मिळतात. पण इंडियानाच्या पुढे ते कुठे शोधणार? मेहुणीच्या बॅगेत हिच्यासाठी आणलेली नवी चंद्रकळा होती, खडीची. ती घडी मोडून डॅशबोर्डभर पसरली. मिनेसोटा ओलांडेपर्यंत झकास होतं. साऊथ डकोटात ऊन चढलं आणि त्या काळ्या साडीवरचा प्रत्येक रुपेरी ठिपका पुढच्या काचेत उमटला. भर दुपारी मला तारे दिसायला लागले. सगळ्या रस्त्यावर, ट्रकांवर, गाईंवर. साडूंनी मागून फोन केला, “पाव्हणं, गाडी का डुलतीय?” साडी काढली.

साऊथ डकोटात आय-९० वर एक गंमत आहे. वॉल नावाच्या चिमुकल्या गावात १९३१ साली एका औषधविक्याने दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना म्हणून ‘बर्फाचं पाणी फुकट’ अशा पाट्या रस्त्यावर लावल्या आणि दुकान तुफान चाललं. वॉल ड्रगच्या त्या पाट्या आजही मैलोनमैल आहेत. मला प्रत्येक पाटी अर्ध्या मैलावरून वाचता येत होती. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एका औषधवाल्याला जे जमलं ते आपल्या मीटरवाल्यांना का जमू नये, यावर मी सविस्तर बोलत होतो आणि तेवढ्यात मागे लाल-निळे दिवे लागले. ते मला दिसले, कारण मागचा कॅमेरा आणि त्याचा पडदा फार सुरेख आहे.

हायवे पेट्रोलचा तरुण अधिकारी खिडकीशी आला. एवढ्या उंचीवर बघायला त्याला मान मागे टाकावी लागली.

“आपण किती वेगाने चालला होता, काही कल्पना आहे?”

आयुष्यात मला इतका रास्त प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “या विषयावर आमच्या घरात तीन मतं आहेत. माझं पासष्ट, हिचं पन्नास आणि साडूंचं ऐंशी.”

“ऐंशी किलोमीटर,” साडू मागून ओरडले. “मैल न्हवं!”

अधिकाऱ्याने थोडा वेळ घेतला. मग म्हणाला, “अठ्ठेचाळीस. इथे मर्यादा ८० आहे. तुमच्यामागे अकरा ट्रक तुंबले होते.”

मी मनातल्या मनात साडूंचे ऐंशी किलोमीटर मैलांत करून पाहिले. पन्नास. हिने माझ्याकडे वळून फक्त एक शब्द उच्चारला, “पॅरालॅक्स.”

कागदपत्रं मागितली. ती फ्रिजवरच्या कप्प्यात. मी उठेपर्यंत हिने त्याला दार उघडून आत घेतलं. पायरी आपोआप बाहेर आली, तो खूश झाला. आत आला तो थबकलाच. त्याने फ्रिज पाहिला, मागचा बेड पाहिला, मेहुणीने दिलेली बाकरवडी खाल्ली, दुसरीही खाल्ली. हिने हळूच शेकोटीचं बटण दाबलं. खोटी लाकडं धडाडून पेटली.

“वा!” अधिकारी म्हणाला. म्हणाला, वडील यंदा निवृत्त होतायत आणि त्यांना अशीच एखादी वापरलेली हवी आहे. दंडाचा विषय मागे पडला, ‘जरा वेगाने चालवा’ एवढीच समज मिळाली. मग त्याने टोपी काढून हातात घेतली आणि अगदी अदबीने विचारलं, “ही विकायची आहे का?”

माझ्यातला इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर जागा झाला. विकताना खरं ते सांगावं म्हणून मी त्याला पुढे ड्रायव्हरच्या सीटकडे न्यायला वळलो. तोवर हिने डॅशबोर्डावर चंद्रकळा पसरली होती आणि वर ती त्याला विचारत होती, “बाथरूम बघितलंत का?”